रेघेच्या आतली नदी

उन्हाळ्याच्या अखेरच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास, नगररचना कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील आरेखन विभागात ही गोष्ट सुरू झाली. नदीकाठी बांधायच्या संरक्षक भिंतीचा नकाशा काचेच्या मेजावर तयार होता. उरली होती फक्त सही, आणि ती करायची होती मुख्य आरेखकांना, ज्यांना सारे रेघमास्तर म्हणत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांची एकही रेघ कुणी खोडली नव्हती. हा लौकिक ते डोळ्यांत तेल घालून जपत.

तेवढ्यात त्यांची आत्या धापा टाकत जिना चढून आली. तिने तीस वर्षे पुलाच्या खांबावरचे आकडे वाचून नदीच्या पाण्याची रोजची उंची नोंदवली होती. निवृत्तीनंतरही ती पुलाशेजारच्या सखल गल्लीतच राहत असे.

"बघितलंस का रे, तुझ्या माणसांनी भिंतीच्या खुंट्या कुठं ठोकल्यात? थेट लव्हाळ्यात! नदीची कंबर आवळायची आहे का?"

"आत्या, खुंट्या नकाशाप्रमाणे आहेत."

"आणि नकाशा?"

"आधीच्या नकाशाप्रमाणे."

"आणि तो?"

"त्याच्या आधीच्या."

"म्हणजे नदीला कुणी विचारलंच नाही! ऊठ. जेवणाची सुट्टी आहे ना? डबा तिथंच खा."

आत्यापुढे मास्तरांची मात्रा चालत नसे. ते डबा घेऊन निघाले.

काठावर वाळुंजाच्या झाडांची जुनी रांग होती. आत्याने एका बुंध्यावर थाप मारली. "ही झाडं पाण्याच्या कडेलाच वाढतात. पूल नव्हता तेव्हा नावा यांनाच बांधायचे. दोराचे वळ अजून आहेत बघ सालीवर. म्हणजे काठ इथं. आणि तुझ्या खुंट्या?"

खुंट्या वाळुंजांच्या पुढे, नदीच्या बाजूला दहाएक पावलांवर, लव्हाळ्यात उभ्या होत्या. तिथल्या मातीच्या कड्यात खंड्याचे बीळ होते. पक्षी चोचीत मासा धरून आत शिरला आणि क्षणात बाहेर पडला.

"लव्हाळं म्हणजे रान नव्हे रे. पूर आला की पाणी आधी तिथं पसरतं, वेग सोडतं. माझ्या नोकरीत दोनदा पाणी धोक्याच्या आकड्यापर्यंत चढलं आणि दोन्ही वेळा लव्हाळ्यानंच ते झेललं. तिथं भिंत घातलीस, तर पाणी जाईल कुठं? आमच्या गल्लीत! चाळीस घरं आहेत तिथं."

"पण आत्या, माझी रेघ..."

"तुझी रेघ सरळ आहे. ती खरी आहे का, एवढंच सांग."

मास्तरांनी अर्धा डबा तसाच बंद केला. कार्यालयात परतल्यावर त्यांनी जुने कप्पे उघडले आणि आजवरच्या सहाही प्रती मूळ नकाशावर एकेक करून ठेवल्या. काचेच्या मेजाखाली दिवा होता. चूक लपायला जागा नव्हती. त्या विभागाचा एक शिरस्ता होता: प्रत काढताना नवी रेघ जुन्या रेघेला लागून, पण नदीच्या बाजूला ओढायची. कुणाच्या जमिनीवर शाई चढू नये, तक्रार येऊ नये, म्हणून. अर्ध्या मिलिमीटरची ती रेघ म्हणजे प्रत्यक्षात सव्वा मीटर जमीन. दोन काठ, सहा प्रती. पंधरा मीटर नदी कागदावरून नाहीशी झाली होती! आणि शेवटच्या दोन प्रतींवर सही होती ती खुद्द मास्तरांची.

ते गप्प राहिले असते, तर कुणाला कळणार होते? पण त्या चाळीस घरांत एक घर आत्याचे होते, आणि उरलेल्या एकोणचाळीस घरांतही कुणाची ना कुणाची आत्या असणारच होती. नकाशाची सुरळी काखेत मारून ते थेट मुख्य अभियंत्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, मी सही करणार नाही. नकाशा चुकलाय. त्यात माझीही चूक आहे."

"तुमची? रेघमास्तरांची?" साहेब हसले. "आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा! अहो, कामाचा आदेश निघालाय. एका पेनाच्या जाडीसाठी भिंत अडवू?"

"बारा पेनांच्या जाडीसाठी, साहेब. जमीनमालक तक्रारीचा अर्ज करतो, म्हणून आपण त्याची बाजू सोडून रेघ ओढली. नदी अर्ज करत नाही, म्हणून दरवेळी तिचंच घेतलं. माझ्यावर ठपका ठेवा. मी लेखी देतो. पण टेपचं एक टोक तुम्ही धरा. मग ठरवा."

मास्तरांचा आवाज चढला नव्हता, पण ते दारातून हललेही नाहीत. शेवटी साहेब उठले.

बुधवारी सकाळी साहेब एका काठावरच्या वाळुंजापाशी उभे राहिले, मास्तर नावेतून टेप घेऊन पैलतीरी गेले आणि त्यांनी हाक देऊन सांगितलेला टेपवरचा आकडा आत्याने पुलावर टिपून घेतला. नकाशावर पंचेचाळीस मीटर, टेपवर साठ.

सुजाण नागरिकहो, अन्याय नेहमी कुऱ्हाड घेऊन येतो असे नाही. पुष्कळदा तो शिरस्ता होऊन येतो, पूर्वीच्यांनी केले तेच पुढे गिरवतो, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे थोडे थोडे काढून घेतो. अशा वेळी वारसा म्हणून चूक चालवू नये. काठावर जाऊन स्वतः मोजावे, आणि चूक आपली निघाली तर ती आपणच आधी सांगावी.

साहेबांनी टेप गुंडाळला, बुटांवरचा चिखल पाहिला, आणि मग खुंट्यांकडे बोट दाखवून म्हणाले,

"उपटा त्या. भिंत झाडांच्या मागे जाईल."