मागच्या खोलीची ओल

"आता काय सांगावं हिला? ओलसुद्धा काढली की हो बाईनं!"

उषाबाई पातेलं घासता घासता पुटपुटल्या. मोरी आमच्या दोघींत एकच, त्यामुळं त्यांचं पुटपुटणं माझ्या कानावर पडल्याशिवाय राहत नसे. त्या घरमालकीण, मी पुढच्या खोलीतली भाडेकरू. नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडं.

मागची खोली दिवाळीपासून रिकामी होती. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी वाचून बेबीनंदा आली होती. सरकारी दवाखान्यात नवी लागलेली नर्स. गाव घनसावंगीकडचं. ड्यूटी सुटेपर्यंत शेवटची बस निघून गेलेली असायची, मग दवाखान्यातल्याच बाकावर निजायची. पोरगी अंगावर पिणारी, ती गावी सासूजवळ. "दूध दाटलं की नळाखाली पिळून टाकते," म्हणाली आणि हसली, जशी दुसऱ्याच कुणाची गंमत सांगतेय.

उषाबाईंना ती आवडली. खरंच आवडली. स्टोव्हवर चहा ठेवला आणि विचारलं, "गावात घर कोणत्या अंगाला?"

आडनावावरून उमगलं नाही की आमच्याकडं हेच विचारतात. मलाही विचारलं होतं. मारुतीच्या पारापाशी, म्हटलं, तर किल्ली लगेच हातात.

बेबीनंदा म्हणाली, "ओढ्याच्या पल्याड."

ओढ्याच्या पल्याड कोण राहतं हे पुढं विचारावं लागत नाही. उषाबाईंनी स्टोव्हची हवा सोडली. "पर बाई, त्या खोलीला लई ओल हाय. लेकराला सोसायची न्हाई."

त्यांना वाटलं, मिटलं. बेबीनंदाला वाटलं, ओल आहे.

रविवारी ती नवऱ्याला घेऊन आली. भुजंग त्याचं नाव, गवंड्याच्या हाताखाली काम केलेला. त्यानं भिंत खरवडली, सिमेंट लावलं. उषाबाई काय म्हणणार? फुकटात होत होतं. "बराबर वाळू द्या," मालक काकासाहेब पेपराआडून बोलले. मग निघालं की दार नीट लागत न्हाई. भुजंगनं दाराला रंधा मारला. मग पाण्याचं. नळाचा काही भरवसा न्हाई म्हटल्यावर तिनं झाकणाचा ड्रम आणून ठेवला. चुना तिनं स्वतः मारला, नीळ घालून. खोली अशी उजळली की मलाच हेवा वाटला.

"आता देऊन टाका की," मी म्हटलं.

"मला काय वं, मी आत्ता देते. गल्लीतले काय म्हणतील?"

गल्लीतलं कुणी काही म्हणालं नव्हतं. विचारलंच कुणी नव्हतं.

पातेलं घासून होतंय तोच फाटक वाजलं. बेबीनंदा. काखेत पोरगी, मागं भुजंग, त्याच्या डोक्यावर वळकटी. पोरीला नवं टोपडं.

"मामी, चुना वाळला असंल न्हाई का? हिला घिऊनच आले."

उषाबाईंनी ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. "अगं, त्याचं काय झालं, आमचे जावई यायचेत राहायला."

"कोण जावई?" मी विचारून बसले. त्यांची लेक आठवीत होती.

उषाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी बादली उचलली. "म्हंजी पुढंमागं," त्या म्हणाल्या. "आणि आमच्यात मटणाचा वास चालत न्हाई बघ."

दर रविवारी काकासाहेबांच्या रश्श्याच्या वासानं मला ठसका लागायचा.

"सोडून देऊ आम्ही," बेबीनंदा लगेच म्हणाली. "आजपासून बंद. व्हय ना हो?"

भुजंगनं मान हलवली. वळकटी काही खाली ठेवली नाही. त्याला कधीच कळलं होतं, मला वाटतं. पण बायकोला सांगायला जीभ रेटली नसेल.

"तसं न्हाई गं..." उषाबाईंचे डोळे भरून आले. तेही खोटं नव्हतं. काकासाहेबांच्या पेपराचं पान उलटतच नव्हतं. पोरीनं आईचा पदर ओढायला सुरुवात केली. आई एवढ्या जवळ असण्याची तिला सवय नव्हती, दोन्ही मुठींनी ओढत होती.

बेबीनंदानं तिला छातीशी घेतलं आणि उघड्या दारातून त्या निळसर भिंतीकडं बघत राहिली. बोलली तेव्हा आवाज चढला नव्हता.

"मामी, तुम्ही सांगत गेल्या, मी काढत गेले. ओल काढली, दार केलं, पाणी आणलं. आता आम्ही महार हाव, तेवढंच राह्यलं. ते कशानं खरवडू, तेवढं सांगा."