बेटावर शाळा होईपर्यंत

मी एक पोर्टा केबिन बोलतेय. पत्र्याच्या भिंती, एक खिडकी, एक एसी. मला ना चाकं ना पाय, तरी अकरा वर्षांत नऊ वेळा जागा बदलली. जन्म शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातला. १९९३ साली मला मालवाहू बार्जवर चढवलं आणि पार पश्चिमेला, सरहद्दीजवळच्या एका बेटावर आणून टेकवलं.

तेव्हा तिथे बारा केबिनी, एक पाण्याचा टँकर आणि एक भला मोठा बोर्ड होता. बोर्डावर होणारं शहर रंगवलं होतं: कारखाने, बंदर, शाळा. हद्द इतकी जवळ, की रेडिओ लावला तर शेजारच्या देशाच्या बातम्या आधी लागत.

माझ्यात राहायला आले वसंतराव. चिपळूणचे, लोखंडी कामाचे कंत्राटदार. बायको सुलक्षणा आणि सहा वर्षांची इशिता शारजात, रोल्ला भागात. बेटावर शाळा नाही, म्हणून कुटुंब आणायची परवानगी नाही. वसंतराव शुक्रवारच्या सुटीसाठी गुरुवारी दुपारी बोटीने किनारा गाठून गाडी काढत, शुक्रवारी संध्याकाळी परत निघत. इशिता आपल्याला पाहुण्यासारखं पाणी आणून देते, असं एकदा ते इंजिनियर विजयकुमारना सांगत होते. मी ऐकलं. पत्र्यालाही कान असतात.

"दोन वर्षांत शाळा होतेय," ते फोनवर म्हणायचे. "मग तुम्हाला इकडेच आणतो. इन्शाल्ला."

इथली माणसं आयुष्य दोन-दोन वर्षांनी मोजतात. करार दोन वर्षांचा, धीरही तेवढाच. वसंतरावांनी टीव्हीचं खोकंसुद्धा टाकलं नव्हतं. सामान हलवायला लागेल ना!

शहर मात्र भराभर वाढलं. सिमेंट आलं, ॲल्युमिनियम आलं, पाइपांचा कारखाना आला. समुद्रात भर घालून बेटच दुप्पट केलं. ते पसरलं की क्रेन मला उचलून बाजूला ठेवायची. शाळेची जागा दर वेळी कुणाला तरी गोदामासाठी हवी असायची. त्या गोदामांचे सांगाडे वसंतरावच उभे करायचे. काम चोख.

"वसंतभाई, फॅमिली कब ला रहे हो?" विजयकुमार विचारायचे.

"अगले साल. पक्का."

अखेर शाळेचं काम निघालं. वसंतरावांनी छप्पर घातलं, जिने केले. एक बाक तर माझ्याच दारात बसून स्वतः वेल्ड केला, इशितासाठी. माप कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, बाक जरा ठेंगणा होतोय. पण माझं कोण ऐकतंय!

२००४ च्या एप्रिलमध्ये शाळा उघडली. वसंतराव दोघींना घेऊन आले आणि इशिताला कौतुकाने त्या बाकावर बसवलं. तिचे गुडघे आत जाईनात. तिची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती, पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरलेला होता. हे सगळं वसंतरावांना ठाऊक होतं. फीचे पैसे त्यांनीच दिले होते.

"इट्स रिअली नाइस, बाबा," ती म्हणाली. "बट आय ॲम सेव्हन्टीन."

नंतर तिघं माझ्यात येऊन बसले. टेबलावर नवा करार होता: दोन वर्षं, फॅमिली फ्लॅटसकट. वसंतरावांनी तो पुढे सरकवला.

"बैल गेला आणि झोपा केला," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "तुम्ही वाईट नाही हो. पण मला राग येतो. फार येतो. फ्लॅटमध्ये कुणाला ठेवायचं आता?"

वसंतरावांच्या हातात सहीसाठी काढलेलं पेन तसंच होतं.

"बाबा, हॉस्टेलला सोडायला याल?" इशिताने एकदम मराठीत विचारलं. "लगेच परत नाही जायचं."

वसंतरावांनी पेन खिशात घातलं. "खलास," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. करार सहीविना तसाच राहिला. महिन्याभरात माझी किल्ली विजयकुमारांच्या हातात देऊन ते निघाले.

आता मी भंगाराच्या यार्डात उभी आहे. उद्या मला कापणार आहेत. तक्रार नाही, पत्रा कुठेही उपयोगी पडतो. जाता जाता, बेटाबेटांवर शहरं उभारणाऱ्या भल्या माणसांनो, एकच विनवणी: रजा टाका, घरी जा. मुलांची उंची फोनवर कळत नाही.