धरलंय

"धरलंय, धरलंय! तू पुढे बघ!" असे ओरडत बाबा जागच्या जागी उभा होता, आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

इमारतीमागच्या सिमेंटच्या अंगणात, ओल्या चादरी दोरीवर टाकता टाकता आईने ते हात पाहिले आणि तिच्या मस्तकात तिडीक उठली. सायकल तर पुढे निघालेली. ठिणगी (हे बाबानेच ठेवलेले लाडाचे नाव) मान ताठ ठेवून, पाठीमागच्या माणसावर सगळा भार टाकून पायडल मारत होती. पाण्याच्या टाकीपाशी वळताना तिने सहज मागे पाहिले. बाबा अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला टाळ्या वाजवत होता.

ती पडली नाही. पडली असती तर गुडघ्याला लावायला घरात औषध तरी होते. तिने ब्रेक दाबला, उतरली, सायकल भिंतीला टेकवली.

"तू म्हणालास धरलंय."

"अगं वेडाबाई, पण आली ना तुला! एकटीने चालवलीस!"

"तू म्हणालास धरलंय."

मग ती जिना चढून वर गेली. न रडता, न धावता, पाहुण्याने निघून जावे तशी.

बाकावर बसलेली आत्या, म्हणजे बाबाची थोरली बहीण, फणकारली. "काय बाई हा तोरा! आमच्या बापाने आम्हाला असंच शिकवलं. सगळेच बाप असे सोडतात. इतकं करता तुम्ही तिच्यासाठी, पण शेवटी रक्त आपलं नसलं की..."

"ताई, हे वाक्य माझ्या अंगणात पुरं करायचं नाही," आई म्हणाली.

"मी काय वाईट बोलले?"

"अजून नाही. म्हणूनच थांबवलं."

आत्याला गप्प करणे सोपे होते. खरा संताप नवऱ्यावर होता. या मुलीला कोणा बाईने एका स्थानकाच्या बाकावर बसवून "आत्ता येते हं" म्हटले होते आणि ती बाई गर्दीत विरघळून गेली होती. म्हणून या घरात लहानसहान थापांनाही थारा नव्हता. दूध आणायला जाताना आई दूध आणायला जाते असेच सांगे. इंजेक्शन दुखणार असेल तर दुखेल असेच. या घरात आल्यापासून ठिणगी उशाशी बूट घेऊन झोपत आली होती. गेल्याच महिन्यात ते बूट आपणहून दाराजवळच्या फळीवर गेले, तेव्हा ही दोघे स्वयंपाकघरात एकमेकांकडे नुसती बघत राहिली होती.

आता आईने वर जाऊन पाहिले. बूट उशाशी होते.

"सगळेच असं शिकवतात गं," मागून आलेला बाबा पुटपुटला.

"सगळ्यांच्या मुलांना मागे कोणीतरी असल्याची जन्मापासून खात्री असते. त्या खात्रीवर ही लबाडी खपते. आपल्याकडे काय आहे खपवायला?" तिचा आवाज दबका होता, पण धार लावल्यासारखा. "दिवसभर एक्स-रेच्या खोलीत मी परक्या माणसांना सांगते, श्वास धरा. त्यांचा श्वाससुद्धा मी 'सोडा' म्हटल्याशिवाय सुटत नाही. आणि तू पोरीला न सांगता सोडलंस!"

"समजावतो तिला."

"समजावू नकोस. माफी माग."

बाबा ठिणगीच्या खोलीच्या उंबऱ्यात फरशीवर बसला. "मी खोटं बोललो."

"का?"

"सोडतो म्हटलं असतं तर तू घाबरली असतीस, असं वाटलं."

ठिणगीने त्याच्याकडे वळून पाहिले. "मला भीती नव्हती वाटत. तुला वाटत होती."

"हो," बाबा म्हणाला.

"उद्या ती धरेल." तिने आईकडे बोट केले. "मी सांगेन तेव्हाच सोडायचं."

दुसऱ्या दिवशी आई कॅरियर धरून धावली. एक फेरी झाली, दुसरी झाली. टाकी मागे पडताच आज्ञा आली, "सोड."

पण बोटे उघडेनात. कालपासून जो राग ती एका उघडलेल्या हातावर काढत होती, तो जणू तिच्याच मुठीत गोठून बसला होता.

"सोड म्हटलं ना!"

"सोडलंय!" धापा टाकत आई ओरडली, घट्ट धरूनच.

करकचून ब्रेक लागला. ठिणगी वळली. कॅरियरवरची पांढरी पडलेली बोटे तिने पाहिली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"खोटं! धरलंयस तू! दोघंही सारखेच आहात, एक नंबरचे खोटारडे!"

गॅलरीत बाबाला हसू आवरेना.

"हसतोस काय? खाली ये आधी!"

तो आला. तिने दोघांना भिंतीशी शेजारी शेजारी उभे केले. "हात वर. आणखी वर. मला तिकडून दिसले पाहिजेत."

पकडलेल्या चोरांसारखे हात वर करून दोघे उभी राहिली. ठिणगी सायकलवर चढली, डुगडुगली, सावरली आणि निघाली. प्रत्येक वळणावर ती डोळे वटारून त्या चार हातांकडे बघत होती, आणि आईचा हात जरा कुठे खाली आला की अंगणाच्या त्या टोकावरून खेकसत होती, "वर!"