मढची भातगिरणी

२००५ च्या पावसाळ्यात जुन्नर तालुक्यातल्या मढ गावच्या वरच्या वस्तीमागचा डोंगर खचला आणि बारा घरांची भातखाचरं दगडमातीखाली गेली. माणसं वाचली, हीच काय ती देवाची कृपा. बयाबाईची नुकतीच झालेली लावणी त्यात गाडली गेली. नवरा आधीच वारलेला. पदरात एक मुलगी, प्राची. मदतीचे टेम्पो आले, कपडे आले, बिस्किटं आली. श्रावण सरला तसे टेम्पोही सरले.

भाद्रपदात जुन्नरचा तांदळाचा व्यापारी रहमतुल्ला मोटरसायकलवरून आला. बयाबाईचं भात दरसाल तोच घ्यायचा. चहा घेता घेता म्हणाला, "बयाबाई, एक जुनी भातगिरणी विकायला निघालीये. तुम्ही बारा घरं मिळून चालवता का?"

"शेठ, थट्टा करता व्हय? आमच्यात भाताची एक लोंबी ऱ्हायली न्हाई."

"तुमच्यात नाही, पण खालच्या गावांत उभंय ना? ती माणसं भात लादून भरडायला पार ओतूरला जातात. भांडवल मी घालतो. माझं मुद्दल सावकाश फेडा, वर मला काही नको. पण तुम्हीही नफा वाटून घ्यायचा नाही. राबेल त्याला मजुरी, आणि उरेल ते खाचरं मोकळी करायला."

"आन यात तुमाला काय मिळनार?"

"खाचरं पिकली तर मला भात मिळेल. नाहीतर दुकानात विकू काय?"

हे उत्तर तिला पटलं. नुसता उपकार असता, तर तिनं पाहुण्याला हात जोडून वाटेला लावलं असतं.

रस्त्याकडेच्या एका पडवीत गिरणी बसली. बयाबाई इंजिन सुरू करायला शिकली, पट्टा चढवायला शिकली. सुगी झाली तशा दारात बैलगाड्या लागल्या. गल्ल्यात चार पैसे दिसू लागले, तेव्हा तिचा दीर हौशीराम बारा घरांच्या बैठकीत उठून बोलला, "वयनी, पैक्याची काय पूजा घालायची? पोरांच्या अंगावर धड कापडं न्हाईत. वाटून टाका."

बऱ्याच माना हलल्या. प्राचीचा विटलेला परकर बयाबाईच्याही डोळ्यांपुढे आला. तरी ती म्हणाली, "भावजी, वाटलं तर शिमग्यापातुर पुरंल. मंग पुढल्या पावसात काय दगडं पेरायची?"

हौशीराम खाली बसला. उन्हाळ्यात गिरणीच्या पैशांवर जेसीबी आला. आधी पाण्याचा पाट मोकळा झाला, मग ओळीनं नऊ घरांची खाचरं. बयाबाईच्या खाचरात मात्र ड्रायव्हरनं दिवसभर उकरलं आणि संध्याकाळी मशीन बंद केलं. "मावशी, खालची माती वाहून गेलीये. नुसता कातळ लागतोय."

ती बांधावर बसून राहिली. पुढच्या दोन घरांची खाचरंही तशीच निघाली. त्या रात्री तिच्या घरी चूल पेटली नाही. हौशीराम भाकरी घेऊन आला. "वयनी, माजं अर्धं खाचर तुमी लावा."

"अर्ध्यात दोगंबी उपाशी मरू, भावजी. आमाला गिरणी द्या. ज्यांची जमीन गेली, त्या तिघांनीच ती चालवायची. मजुरी आमची, वर उरंल ते सगळ्या वस्तीचं."

बैठकीत दोघं कुरकुरले, पण या वेळी हौशीरामच तिच्या बाजूनं भांडला.

पुढल्या सुगीला नऊ घरांचं भात पिकलं. बयाबाईनं ते गिरणीत भरडून तांदूळ केला. निम्मा रहमतुल्लानं उचलला, निम्मा माळशेजला जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं विकला. गिरणीच्या उरलेल्या पैशांतून वस्तीनं डोंगराच्या पायथ्याला माती अडवणारी दगडी ताल घातली. बयाबाईच्या जमिनीवर आजही दगडच आहेत. तिकडं ती फारशी जात नाही. सुगीत तिला गिरणीतून मान वर करायला फुरसत नसते.