विसळलेला पेला

"जे झाड हजार वर्षं उभं आहे, ते खोटं बोलत नाही!" अशी गर्जना यिनमहाराजांनी केली आणि झाडाखाली जमलेल्या सगळ्या गावानं माना डोलावल्या. झाड खोटं बोलत नव्हतंच. त्या कामाला महाराज होते.

फेंगछिंगच्या डोंगरात चहाच्या झाडाखाली गर्दी काही नवी नाही. पण ही गर्दी पानं खुडायला आली नव्हती. रीत सोपी होती. महाराज रोग्याचा पेला विसळायचे आणि त्यात याच झाडाचा, बारा वर्षं मुरलेला लाल चहा ओतायचे. अंगात विष असेल तर चहा शाईसारखा काळा पडायचा. मग चहाच्या पुड्या न्यायच्या आणि डॉक्टरची औषधं बंद करायची. "एका देहात दोन वैद्य नांदत नाहीत," असं महाराज म्हणत.

द्वान शौली बायकोला, रुईफेनबाईंना, धरून रांगेत उभे होते. चाळीस वर्षं चहाच्या कारखान्यात चव पाहण्याची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. रुईफेनबाईंनी साखरेचं औषध सोडून वीस दिवस झाले होते आणि पायाचा अंगठा निळा पडला होता. डॉक्टरनं नवी गोळी दिली होती. ती आठवडाभरात सुरू झाली नाही तर अंगठा कापावा लागेल, असंही सांगितलं होतं.

"अंगठ्यातून विष उतरतंय, महाराजांनी सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"उतरायला जिना अंगठ्यातच बांधलाय का?"

"तुमची जीभ कारखान्यातच जमा करून यायची होती."

नंबर आला. पेला विसळला, चहा ओतला. काळा!

"मागच्यापेक्षा फिका आहे हो, आजी," महाराज मायेनं म्हणाले. "अजून तीन पुड्या घ्या. हे विष मात्र ओतून टाका."

द्वाननी पेला उचलला आणि घोटभर तोंडात घेतला.

"अहो, मराल!" बाई किंचाळल्या.

द्वान डोळे मिटून घोट जिभेवर घोळवत होते. आधी मध, मग सुकी बोरं, जुन्या लाकडी पेटीचा वास आणि घशात उशिरा येणारा गोडवा. झाड खरंच म्हातारं होतं, चहा खरंच मुरलेला होता. आणि या सगळ्यावर कोयत्याचं पातं चाटल्यासारखी चव.

ही चव त्यांच्या ओळखीची होती. एका वर्षी कारखान्यात गंजका नळ बसला आणि सगळे पेले काळे झाले होते. चहात लोखंड उतरलं की शाईच होते. पण इथं लोखंड आलं कुठून? चहाचं भांडं तर सगळ्यांना एकच. उरलं विसळायचं पाणी. इथं घरोघर चहाआधी पेला विसळतात, त्यामुळे तिकडे कुणी बघतच नाही. महाराज स्वतःचा पेला किटलीतल्या पाण्यानं विसळत आणि रोग्याचा मातीच्या सुरईतल्या.

"महाराज, आज तुमची सेवा माझ्याकडे," म्हणत द्वाननी सुरई उचलली, महाराजांचाच पेला विसळला आणि त्यात तोच चहा ओतला. काळाकुट्ट!

"अगं बाई, महाराजांना काय झालं?" कुणीतरी कळवळून विचारलं.

"हिराकस झालाय," द्वान म्हणाले. "पानं पिवळी पडली की मळ्यात फवारतो ना आपण, तोच लोखंडाचा क्षार. सुरईत कालवलाय."

"अश्रद्ध हातानं ओतलं!" महाराज ओरडले.

"मग तुमच्या सश्रद्ध हातानं ओता. फक्त पेला किटलीतल्या पाण्यानं विसळा."

महाराज हलेनात. द्वाननीच बायकोचा पेला तसा विसळून चहा ओतला. माणकासारखा लाल. "घे, झालीस बरी!"

लोक हसले. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "माझ्या आईचा शेवटचा पेला असाच लाल आला होता. बरी झाली म्हणाले. चौथ्या दिवशी ती गेली."

मग कुणी हसलं नाही.

"चहा चांगला आहे," द्वान सावकाश म्हणाले. "चहा चांगला लागतो, एवढंच त्याचं काम. रोग पेल्यात दिसत नाही, तो तपासून घ्यावा लागतो. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर आपण जिकडे बघायचं विसरतो, तिकडे बघा. आणि आज घरी जाऊन आपापली औषधं सुरू करा. जो जगलाय, त्याला तरी जगू द्या."

खिशातून त्यांनी नव्या गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी बायकोच्या तळहातावर ठेवली. रुईफेनबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"पटलं मला," त्या म्हणाल्या. "घेते."

द्वानच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त एक करा. महाराज निघतायत, त्यांना जरा गाठा आणि विचारून या, ही जेवणाआधी घ्यायची की नंतर?"