भावकीबाहेरची डिस्क

औंढ्याचा बजरंग बैल घ्यायला गेला की आधी बैलाकडे बघत नाही, विकणाऱ्याकडे बघतो. लोणावळ्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानातही त्याने तेच केलं. काउंटरमागच्या मालकाला वरून खालपर्यंत न्याहाळलं, मनातल्या मनात काहीतरी भाव केला आणि म्हणाला, "हं. दाखवा आता."

दाखवायच्या होत्या हार्ड डिस्का. हव्या होत्या त्या कान्ह्याच्या अब्दुलभाऊंना. मी बरोबर होतो कारण गाडी माझी होती. कामशेतला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे, आणि चारचाकी असलेल्या दुकानदाराला जिवलग मित्र आपोआप मिळत जातात.

अब्दुलभाऊ म्हणजे बैलगाडा घाटावरचा, शर्यतीच्या धावपट्टीवरचा, आवाज. शर्यत कुठल्याही गावच्या यात्रेची असो, माईक त्यांच्याच हातात. गाडा सुटला की त्यांचा आवाज त्याच्या पुढे पळायचा. मग घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. कुजबुजसुद्धा उरली नाही. उरला तो लोकांच्या घरच्या व्हिडिओ कॅसेटांत. त्यांची मुलगी लायबा लग्नांचं शूटिंग करते. तिने गावोगाव फिरून त्या कॅसेटा गोळा केल्या. आमच्या मावळातल्या ओलीने फितींना बुरशी धरलेली. एकदा कॉम्प्युटरवर उतरवल्या, त्यात निम्म्या तुटल्या. म्हणजे त्यांचा आवाज आता एकाच जुन्या डिस्कवर होता, आणि ती डिस्क अडखळायला लागली होती.

म्हणून लायबाने घरच्या नेटवर्कला जोडायची एक पेटी आणून ठेवली होती. पेटीत डिस्कांसाठी दोन खण.

"एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच वेळी दुसरीवर," ती बजरंगला समजावत होती. "एक बंद पडली तरी दुसरी चालूच. सगळे एकदम बघू शकतात, टीव्हीवर, मोबाइलवर."

"म्हंजे दोन दाव्यांचा गोठा," बजरंग म्हणाला. "सरळ सांगायचं की."

मालकाने तीन प्रकार पुढे ठेवले. एक साध्या कॉम्प्युटरची, एक सीसीटीव्हीची, आणि एक अशा पेटीसाठीच केलेली. ही तिसरी रात्रंदिवस चालते, शेजारच्या डिस्कची थरथर सोसते.

"शेजाऱ्याची थरथर सोसती?" बजरंग खूश झाला. "हीच घ्या. संसाराला बरी."

इथपर्यंत लायबाचंही तेच मत होतं. पुढे बिनसलं. बजरंगने चष्मा लावला आणि खोक्यांवरचे नंबर वाचायला सुरुवात केली. दोन खोकी बाजूला काढली.

"हे बघ. सगळा नंबर तोच, शेवटी फक्त एकाचा फरक. सख्खे भाऊ. ही जोडी."

"काका, तेच नकोय," लायबा म्हणाली. "एका लॉटमधल्या दोन घेतल्या तर दोघींत तोच दोष असू शकतो. पुढेमागे एकदमच जातात. वेगवेगळ्या लॉटमधल्या घ्याव्यात."

"वेगवेगळ्या?" बजरंगने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तिला बिघडवलंय. "राजेंद्रशेठ, ऐका हिचं. अगं, दोन चालींचे बैल जुपले तर गाडा कुटं जाईल? घाटाबाहेर! रंग, उंची, चाल, समदं जुळाया पायजे. तुझ्या बापानं जलमभर माईकवर काय सांगितलं? 'बघा मंडळी, एका वेताची जोडी!' सांगितलं का न्हाई, अब्दुलभाऊ?"

अब्दुलभाऊंनी ती दोन खोकी हातात घेतली. शेजारीशेजारी धरली. आणि मान हलवली, हळूच, पण अगदी घाटावरच्या ऐटीत. ऑपरेशननंतर बापाच्या तोंडावर ती ऐट लायबाने पहिल्यांदाच बघितली असावी. तिने पुढे वाद घातला नाही. मी मनात नोंद केली: हुशार पोरगी हरली, आणि हरली कशापुढे तर बापाच्या आनंदापुढे. मालकाने पटकन बिल केलं.

कान्ह्याला पेटी सुरू झाली त्या दुपारी मी जे ऐकलं ते माझ्यासारख्या हिशेबी माणसाला अजून कुठल्या खात्यात धरता आलेलं नाही. डब्याएवढी पेटी, आत बारीक घरघर. टीव्हीवर धुळीचा लोट, पुढे बैलांना ओढ लावणारी घोडी, मागे गाडा, आणि "आला, आला, औंढ्याचा गाडा आला!" तोच आवाज. घर भरलं. आणि ज्याचा आवाज तो माणूस समोर खाटेवर गप्प बसलेला.

बजरंगने पेटीला कान लावला. "ह्यात आवाज न्हाईच," तो कुजबुजला. "नुसती घरघर. मग अब्दुलभाऊ ठेवलाय कुटं ह्यात?"

जुनी डिस्क आठवड्यातच कायमची बंद पडली.

"आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवायला हवी," लायबा म्हणायची. पण लग्नसराई होती, आणि लग्नसराईत शूटिंगवाल्यांचं स्वतःचं काम कधी होत नाही.

यात्रांचे दिवस आले तेव्हाची गोष्ट. अब्दुलभाऊ जेवून टीव्ही बघत होते, बजरंग आणि मी चहाला टेकलो होतो. पेटी एकाएकी बोंबलायला लागली. एका खणाचा दिवा लाल झाला.

"डिस्क गेली," लायबा म्हणाली.

पण टीव्हीवर गाडा पळतच होता. आवाज कुठे अडखळलासुद्धा नाही. एक डिस्क मेली आणि तिचं सगळं ओझं दुसरीने घेतलं, एका शब्दाची चूक न करता. बजरंगचा कप हातातच राहिला. "बैल पडला," तो म्हणाला, "अन् गाडा थांबला न्हाई?"

लायबाचा चेहरा मात्र उतरला होता. तिने टीव्ही बंद केला. "काका, राहिलीय ती हिचीच बहीण आहे."

बजरंगला कळायला वेळ लागला नाही. त्याने चप्पल घातली. "शेठ, गाडी काढा."

लोणावळ्याच्या त्याच दुकानात तो काउंटरवर वाकला आणि म्हणाला, "दोन द्या. माप त्येच, पन कंपनी दोघींची येगळी. आदीच्या जोडीच्या भावकीतली एकबी नको. लांबची सोयरीकबी चालायची न्हाई."

मालक हसला. बजरंग हसला नाही. त्याने चष्मा लावून नंबर वाचले, या वेळी जुळत नाहीत ना ते बघायला.

पहिली नवी डिस्क खणात गेली आणि राहिलेल्या बहिणीवरून तिच्यावर सगळं उतरायला लागलं. पडद्यावर आकडा पुढे सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. मध्येच त्या बहिणीतून टक टक आवाज यायला लागला.

"दमली," बजरंग म्हणाला आणि पेटीवर हात ठेवायला गेला.

"काका, हात नको!"

त्याने हात मागे घेतला. पंखा पेटीकडे वळवला. दारात बडबडणाऱ्या शेजारणीला हाकललं. "वाईच दम धर, लक्ष्मे," तो पेटीला म्हणत होता. "घाट संपत आलाय. आमीच चुकलो, तुजी चूक न्हाई." अब्दुलभाऊ हलले नाहीत. माणूस आपल्याच आवाजाला दवाखान्यात सोडून बाहेर बसावा तसे बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा हिरवा झाला.

"आता ही दमलेली काढून दुसरी नवी घालायची," लायबा म्हणाली. अब्दुलभाऊंनी टीव्हीकडे बोट केलं: आधी लाव. ती घुटमळली, मग लावला. गाडा सुटला, आवाज घुमला, आणि तिने ती डिस्क खणातून ओढून बाहेर काढली.

आवाज चालू राहिला. परक्या कंपनीच्या डिस्कमधून, कालपर्यंत ज्या डिस्कने हा माणूस ऐकलाही नव्हता तिच्यातून, गाडामालकांची नावं येत होती. परंदवडीचे दत्तोबा, त्यांचे वडील, बैलांची नावं, घोडीवरच्या पोराचं नाव, एकही कागद न बघता.

आम्ही पेटीकडे बघत होतो. लायबाने माझ्या बाहीला धरून मला वळवलं.

अब्दुलभाऊंचे ओठ हलत होते. मला वाटलं, आवाजाबरोबर म्हणतायत. नीट पाहिलं तर तसं नव्हतं. ओठ आवाजाच्या पुढे होते. टीव्हीवर नाव यायच्या आधी ते ओठांवर येऊन गेलेलं असायचं. गाडा, मालक, बाप, बैल, सगळं एक नाव आधी. आवाज मागून धावत येत होता.

बजरंगने टोपी काढून मांडीवर ठेवली. तो ते ओठच बघत होता.

"लायबा," तो म्हणाला, अगदी हळू, "ह्याची दुसरी प्रत कुटं ठिवायची गं?"