देवगांडुळाच्या शोधातले खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. वाकडे आहे म्हणून हसू नका. खुरपे सरळ असते तर त्याचा उपयोगच काय? अमळनेरच्या एका लोहाराने ट्रकच्या तुटक्या पाट्याचे लोखंड तापवून मला घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. पुष्पाबाईंनी बाजारात माझी धार बोटाने चाचपली आणि "हाई चांगलं शे" म्हणत मला घरी नेले. त्यांच्या हातात मी कपाशी निंदली, भुईमूग काढला. माझ्या धारेचे गावभर कौतुक होते आणि मलाही तिचा तोरा होता.

मग ते कुटुंब सुरतेला, भेस्तानला आले. घरधनी कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर लागले. पुष्पाबाई घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापू लागल्या. मी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीमागे पडले. ज्या घरात नखभर माती नाही, तिथे खुरप्याला कोण विचारणार?

मला खाली काढले ते त्यांच्या मुलीने, गायत्रीने. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिला बेडकांचे भारी वेड, पण खरा ध्यास देवगांडुळाचा. नावात गांडूळ असले तरी ते बेडकाचेच भाऊबंद. पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे, आणि सगळा जन्म ओल्या मातीत. लोक साप समजून त्याला ठेचतात. गायत्रीने ते फक्त कॉलेजच्या कपाटात, बाटलीत, पांढरेफटक झालेले पाहिले होते. ती म्हणायची, "मला ते जिवंत बघायचंय. त्याच्या घरात."

पुष्पाबाईंचे भाऊ मगन कामरेजजवळ कालव्याकाठी केळीची बाग राखतात. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी मायलेकी मला घेऊन तिथे जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी गायत्री म्हणाली, "मामा, या खुरप्याची धार काढा." मामांनी दगडावर घासून घासून मला असे पाजळले की मी केस कापले असते! गायत्रीने कपाळावर हात मारला. "अहो मामा, काढा म्हणजे घालवून टाका! देवगांडुळाची कातडी नाजूक असते. एक ओरखडा लागला तरी ते जाईल."

मग काय, माझे टोक गोल झाले आणि धार गेली. मला खूप वाईट वाटले. मी रुसले, पण खुरप्याच्या रुसण्याकडे कोण बघतो?

तिचे शोधणे बघता बघता मात्र माझा रुसवा उतरला. ती कुजके पान हलकेच उचलायची, खाली बघायची आणि पान होते तसे परत ठेवायची. बेडूक हातात घेण्याआधी हात ओले करायची. आईला तर तिने मिसरीचे बोट धुवायलाच लावले. "मम्मी, बेडूक कातडीनं श्वास घेतो. तुझी मिसरी त्याला चढेल!" पुष्पाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. इतक्या हळुवारपणे मातीशी वागणारे माणूस मी शेतातसुद्धा पाहिले नव्हते.

पण देवगांडूळ काही सापडेना. पावसाळा सरत आला. मगनमामा चिडवायचे, "लोकं डोंगर पोखरीसन उंदीर काढतस, तू बाग पोखरीसन गांडूळ काढी ऱ्हायनी!" गायत्री हसायची. परतताना मात्र तिचा चेहरा उतरलेला असे.

एका दुपारी कुजलेल्या केळीच्या खुंटापाशी पुष्पाबाई मला चालवत होत्या. अचानक मला काहीतरी मऊ लागले. ते मूळ नव्हते. पुष्पाबाईंचा हात थांबला. त्यांनी मला बाजूला ठेवले आणि साडीवरचा धागा उचलावा तशी बोटांनी माती सारली. आत काळसर, चकचकीत, अंगभर वळ्या असलेला एक जीव मण्यांसारख्या अंड्यांच्या घोसाभोवती वेटोळे घालून बसला होता.

"साप शे ताई, सरक!" मगनमामांनी फावडे उगारले.

"मामा, नथी! साप नथी!" घाबरून गायत्रीच्या तोंडून गुजरातीच निघाले.

फावडे वरच होते. पुष्पाबाईंनी दोन्ही हात त्या खळग्यावर धरले. "मगन, थांब! माय शे ती. अंडा लिसन बठेल शे."

फावडे हळूच खाली आले. गायत्री गुडघ्यांवर बसली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिने एकच फोटो काढला, तोही हलला.

"इतला दिन धुंडं ना तू, मंग हातमा ले ना!" आई म्हणाली.

"नको मम्मी. उजेडाचा त्रास होत असेल तिला. झाक."

जे दिसावे म्हणून सारा पावसाळा चिखल तुडवला, ते दिसताच झाकायला सांगणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. पुष्पाबाईंनी मला उचलले. माझ्याच पात्याने माती हलके हलके परत गेली आणि वर पाने अंथरली गेली. खुरप्याच्या जन्माला येऊन मी पुष्कळ उकरले, पण पांघरूण घालण्याचे भाग्य मला त्या दिवशी लाभले.

मगनमामांनी चार काठ्या आणून खुंटाभोवती रोवल्या आणि बागेतल्या गड्यांना हाक मारली, "आठे कोनी पाय ठेवू नका रे. बाळंतीन शे."

मित्रांनो, तुम्हीही शोधायला जरूर जा. दगड उचला, पाने सारा, डोळे भरून बघा. पण जाताना सगळे होते तसे परत ठेवा. खाली एखादी बाळंतीण असेल.